काटा टायरातच असतो

चौके, कट्टा, आचरा परिसरातल्या मुलांच्या सायकली सकाळच्या या वेळी शाळेच्या वाटेवर असतील. खाली जांभ्याचे खडे, कडेला करवंदीच्या जाळ्या. पंक्चर व्हायचंच. पण तेच चाक पुन्हा पुन्हा बसू लागलं, तर दोष नशिबाचा नसतो. आपण ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे शोधतो, घासून सोल्युशन लावतो, चकती चिकटवतो. टायरच्या आतून बोट फिरवायचं मात्र राहून जातं. काट्याचं टोक तिथेच रुतलेलं असतं. म्हणून ट्यूब काढण्याआधी वॉल्व्हपाशी टायरवर खडूने खूण करावी. भोक सापडलं, की काट्याची जागाही कळते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, तर बहुधा हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. भोक आतल्या अंगाला असेल, तर आऱ्यांची टोकं आणि रिम तपासा. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजतं.

१८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर बनवला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. ते सुख आपल्या पोरांनाही मिळायला हवं. दप्तर पाठीला लावून पंक्चर झालेली सायकल ढकलत निघालेल्या मुलीचा पहिला तास बुडतो. आज संध्याकाळी घरातल्या सायकलचे टायर अंगठ्याने दाबून पाहा.