मातापित्यांचे घर आणि आपली जबाबदारी

कोकणातील आपल्या अनेक मोहल्ल्यांत आज एकच चित्र दिसते. मुलगे मुंबईत किंवा आखाती देशांत, मुली आपापल्या सासरी आणि उंच जोत्यावरच्या घरात वृद्ध आई किंवा वडील एकटे. दरमहा पैसे येतात, रोज फोन येतो. तेवढ्याने कर्तव्य पूर्ण झाले, असे आपण समजतो.

सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत 23-24) अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याच्या आदेशाला लागूनच मातापित्यांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. वृद्धापकाळी त्यांना ‘उफ्’देखील म्हणू नये, अशी ताकीद आहे. आपण जिभेला आवर घालतो. परंतु घरातील पायरी आणि मोरी त्यांना दररोज यातना देत असेल, तर त्याची चौकशी कोणी करायची?

गुडघे निकामी झालेली आई, रात्री शौचालयात जावे लागू नये म्हणून, संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडते. फोनवर ती हे सांगत नाही. लकवा झालेले वडील ओल्या फरशीच्या भीतीने वुजूसाठी कोणाच्या तरी आधाराची वाट पाहत बसतात आणि नमाजची वेळ टळून जाते.

हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले की, नमाज उभे राहून अदा करावी, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर निजून. नमाजसारख्या अनिवार्य उपासनेतही अल्लाहने दुर्बलांना सवलत दिली. मग आपण त्यांच्यासाठी एक उंबरठा का काढू नये?

या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आईवडिलांसोबत घरभर फिरा. त्यांना कोठे अडचण होते, हे त्यांनाच विचारा. घर त्यांचे आहे. त्यांच्या संमतीशिवाय काहीही बदलू नका. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा असेल, तर 1 फूट उंचीला किमान 12 फूट लांबी ठेवा आणि दरवाजा सुमारे 90 सेंटिमीटर रुंद करा. न्हाणीघरात खडबडीत फरशी बसवा. आधाराचा दांडा भिंतीत पक्का रोवा. टॉवेल टांगण्याची दांडी शरीराचे वजन पेलत नाही. बसून वुजू करता येईल अशा उंचीवर नळ घ्या, दिव्याचे बटण पलंगाजवळ आणा. न्हाणीघराचा दरवाजा बाहेर उघडणारा असावा, म्हणजे आत कोणी पडल्यास मदत पोहोचू शकेल.

ज्यांना अपत्य नाही, त्यांचे काय? सूरह निसामध्ये (आयत 36) मातापित्यांबरोबर जवळच्या व दूरच्या शेजाऱ्यांचाही उल्लेख आहे. आपल्या जमाअतीत गवंडी आहेत, सुतार आहेत, प्लंबर आहेत. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याचे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. एकाकी वृद्धाच्या दारातील अडथळा दूर करणे हेही त्याच शिकवणुकीला धरून आहे.

सूरह रूममध्ये (आयत 54) अल्लाह आठवण करून देतो की, मनुष्याला दुर्बलतेनंतर शक्ती आणि शक्तीनंतर पुन्हा दुर्बलता लाभते. आज आपले हात बळकट आहेत. अल्लाह आपल्याला ते आईवडिलांच्या सेवेत लावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.