रुळावरच्या पोळ्या

८ मे २०२०. लॉकडाऊनचे दिवस. टीव्हीवर रुळांत विखुरलेल्या पोळ्या दिसल्या आणि माझं लाटणं हातातच राहिलं. शहडोल-उमरियाकडचे मजूर जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते, तिथून गावाची गाडी मिळेल या आशेनं. थकून करमाडजवळ रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली, १६ जण गेले. भुसावळहून निघालेली त्यांची गाडी आमच्या बुऱ्हाणपूरवरूनच पुढे गेली असती.

तो फोटो अजून डोळ्यांपुढे आहे. पण त्या १६ जणांतलं एक तरी नाव मला सांगता येईल का? नाही.

फोटो काढणाऱ्यानं खोटं काही दाखवलं नाही. पण आपण अनेकान्त मानतो ना? एका बाजूनं पाहिलेलं खरंही अपुरंच असतं. एरवी हीच माणसं बातम्यांत ‘लोंढे’ असतात. लोंढा पुराचा, त्याला ना नाव, ना घरी वाट बघणारी आई. त्याला अडवायचं, एवढंच सुचतं. जिवंतपणी लोंढा, मेल्यावर बिचारे. माणूस म्हणून दाखवायचं कधी?

पत्रकारांना नावं ठेवणं सोपं आहे, बायांनो. परवा पेपर वाचताना माझ्याच तोंडून निघालं, “हे बाहेरचे लोक!” सूनबाईनं हळूच विचारलं, “मम्मी, आपले पणजोबा कुठून आले होते?”

मारवाडातून. पोटासाठीच.

मी चूप झाले. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात तो शब्द आठवून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं.