नोंदीतला विद्यार्थी

शिकणं दिसत नाही. दिसतं ते एवढंच: पान उघडलं, व्हिडिओ थांबवला, एका पर्यायावर बोट टेकवलं. संगणकी शिक्षणाच्या नोंदींची मानकं या दिसण्याचीच बनतात.

पहिली गरज विमान उद्योगाची होती. एकाने तयार केलेला संगणकी धडा दुसऱ्याच्या यंत्रणेवर चालावा आणि निकाल दोन्हीकडे सारखाच वाचता यावा, यासाठी १९८८ मध्ये एआयसीसी ही समिती बसली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून २००० साली स्कॉर्म हे मानक आलं.

स्कॉर्म १.२ मध्ये धड्याच्या स्थितीला एकच रकाना होता. ‘पूर्ण’ लिहिलं, तर ‘उत्तीर्ण’ लिहायला जागा नाही. २००४ च्या आवृत्तीने त्याचे दोन रकाने केले: संपलं का, आणि जमलं का. सगळं वाचलं पण उमगलं नाही, किंवा न वाचताच येत होतं, हे त्यानंतर स्पष्ट लिहिता आलं. शिक्षकांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. रकान्यात तो यायला एक आवृत्ती जावी लागली. रकान्यात जे मावत नाही, ते अहवाल वाचणाऱ्यासाठी घडलेलंच नसतं.

२०१३ मध्ये एक्सएपीआय या पुढच्या मानकाने रकान्यांऐवजी वाक्य आणलं. कर्ता, क्रियापद, कर्म: अमुक व्यक्तीने अमुक प्रश्न सोडवला. वाक्य फोनवरून येवो, सिम्युलेटरमधून येवो, जमा होतं एकाच नोंदकोठारात. कृती घडली ती वेळ वेगळी आणि नोंद पोचली ती वेगळी, अशा दोन वेळा त्यात असतात. रेंज नसलेल्या गावात केलेला अभ्यास उशिरा पोचला, तरी उशिरा केलेला ठरत नाही. तंत्रज्ञांच्या कामातली ही माणुसकी मला फार मोलाची वाटते.

वाक्यात आणखी एक जागा आहे: हे कोणाच्या भरवशावर म्हटलं जातंय? म्हणजे मानकाच्या लेखी प्रत्येक नोंद हा कुणाचा तरी दावा आहे. डॅशबोर्डवर टक्के उरतात, दावेदार गळून जातो.

कर्ता म्हणजे बहुधा एक ईमेल किंवा एक खातं. घरात फोन एक आणि भावंडं दोन असली, की खातं एकच मूल दाखवतं.

सीएमआय५ हे २०१६ चं मानक. धडा रीतसर बंद न होता मध्येच तुटला, तर यंत्रणा स्वतः वाक्य लिहिते: विद्यार्थ्याने धडा सोडून दिला. माणूस कंटाळून उठला असेल, वीज गेली असेल, यंत्रणाच कोलमडली असेल. क्रियापद तेच, आणि कर्ता प्रत्येक वेळी विद्यार्थीच. नोंद त्याच्या नावावर, पण त्याला विचारून नाही. अशा नोंदींवरून कुणाची चिकाटी मोजणं अन्याय आहे.

एक्सएपीआयमध्ये गेलेलं वाक्य बदलता येत नाही. चुकीचं असेल, तर ते रद्द झाल्याचं दुसरं वाक्य लिहायचं; जुन्या रोजकीर्दीत खाडाखोड न करता उलटी नोंद घालत, तसं. रद्द करणारं वाक्य मात्र पुन्हा रद्द होत नाही. पैशांच्या हिशेबाला ही शिस्त हवीच.

पण मूल अपूर्णांकांच्या बेरजेत पुन्हा पुन्हा चुकलं आणि मग त्याला ती जमली, तर आधीच्या नोंदी खोट्या नसतात. त्या रद्द करायला कारणच नाही. त्या खऱ्या आहेत, म्हणूनच राहतात. शिकणाऱ्याला आपलं कालचं न येणं मागे टाकता आलं पाहिजे, आणि खरी नोंदच त्याच्या आड येते.

भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली, आणि सवलतींना जागाही ठेवली. त्या सवलतीत शाळा बसो वा न बसो, एक गोष्ट आजही करता येते. कर्त्याच्या जागी नाव किंवा ईमेल न घालता खात्याचा निरर्थक क्रमांक घालायचा. तो कोणाचा, याची यादी शाळेने वेगळी ठेवायची. मूल वरच्या वर्गात गेलं, की त्या वर्षाची यादी नष्ट करायची. कोणता प्रश्न किती मुलांना अडला, हे शिक्षकाला तरीही कळेल.