सारखेपणाची पारख

दोन वस्तू एकसारख्या आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा ते विधान वस्तूंविषयी असते की आपल्या डोळ्यांविषयी? पुष्कळदा ते या दोहोंविषयीही नसते. ते आपल्या गरजेविषयी असते. ज्याला खेळायचे आहे त्याला काचेच्या सगळ्या गोट्या सारख्याच. ज्याला त्या जमवायच्या आहेत, तो मात्र प्रत्येक गोटी भिंगाखाली धरतो. जर्मनीतील लाउशा गावच्या कारागिरांनी तापल्या काचेच्या कांडीवरून कापलेल्या गोटीच्या टोकांशी तोडल्याचा खरबरीत वण राहतो. पुढे अमेरिकेत ॲक्रनच्या मार्टिन क्रिस्टेन्सन यांना १९०५ मध्ये गोट्या घडवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि यंत्रावरच्या गोटीवर वणाऐवजी काच कातरल्याची बारीक शिवण दिसू लागली. त्यानंतर एकासारख्या एक दिसणाऱ्या गोट्या अनेक कारखान्यांनी काढल्या. गोटीवर नाव नसते. म्हणून शिवणीची ठेवण, रंगाच्या पट्ट्याचे वळण आणि काचेची छटा यांवरून तिचा कर्ता शोधावा लागतो.

नाव कोरलेले असते तर हा प्रश्न सुटला असता, असे आपल्याला वाटते. तो तसा सुटत नाही, हे पाहायचे असेल तर गोटीकडून नाण्याकडे आणि झाशीच्या बडा बाजाराकडे वळावे.

जुन्या तटबंदीच्या आतली ही पेठ. १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून आले, त्यांनी किल्ला वाढवला आणि शहर वसवले. पुढे नेवाळकरांच्या हाती सुभा आला. मराठी अंमलात झाशीच्या टांकसाळीत रुपया पडत असे. त्या रुपयावर ना झाशी हे नाव आहे, ना नेवाळकरांचे. गावाचे नाव आहे ‘बलवंतनगर’ आणि बादशहाचे नाव शाह आलम, लिपी फारसी. तिकडे नाशिकजवळच्या चांदवडच्या रुपयावरही ‘जाफराबाद’ असे होते, तेव्हा हा प्रकार एकट्या झाशीचा नव्हे. दिल्लीच्या सत्तेचा जोर उरला नव्हता, पण तिच्या नावाची पत उरली होती. आणि नाणे जोरावर चालत नाही, पतीवर चालते.

झाशीपासून ओरछा पंधरा-सोळा किलोमीटरवर, दतिया तीसेक किलोमीटरवर. ओरछ्याच्या रुपयावर गदेचे चिन्ह असे आणि लोक त्याला गजाशाही म्हणत. दतियाने त्याच धर्तीचा रुपया काढला आणि गदाही ठेवली. अशा तीन दरबारांचे रुपये एका पेठेत, एकाच थैलीत येऊन पडत असतील, तर ती थैली उपडी करणाऱ्या माणसाची अवस्था काय होत असेल? चांदीचा तोच वाटोळा, जाड तुकडा. तोच फारसी मजकूर. त्यातही अडचण अशी की, ठसा नाण्याच्या तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे पुरा लेख एका रुपयावर कधी उमटतच नसे. कुणावर गावाच्या नावाचे शेपूट येई, कुणावर नुसता सनाचा आकडा. एका टांकसाळीचा लेख पुरा वाचायचा तर तिचे अनेक रुपये शेजारी शेजारी मांडावे लागतात. एकाची ओळख पटवण्यासाठी त्याच्या भावंडांना बोलवावे लागते.

हे काम सराफ आणि सरकारी खजिन्यावरचे पोतदार करीत. ते रुपया वाजवून पाहत, तोलून पाहत, संशय आला तर त्याला बारीक छिद्र पाडून आतला कस पाहत. त्या छिद्राला सुलाख म्हणतात. ‘तावून सुलाखून’ हे शब्द आपण माणसांविषयी वापरतो, ते या गादीवरून आले आहेत. ‘नावाला बट्टा लागणे’ हेही तिथलेच. दुसऱ्या टांकसाळीचा, जुन्या सनाचा किंवा झिजलेला रुपया घेताना जी कसर कापली जाई, ती म्हणजे बट्टा. आपल्या नीतीची भाषा इतकी नाणावट्यांकडून यावी, हा योगायोग नव्हे. सारख्या दिसणाऱ्यांतून वेगळे ओळखणे ही मुळातच नैतिक कृती आहे, ही जाण त्या शब्दांमागे असावी.

परंतु या कृतीची दुसरी बाजू विसरता येत नाही. ज्याला फारसी अक्षर लागत नाही, ज्याने घाम गाळून चार रुपये आणले आहेत, त्या शेतकऱ्याला सराफ सांगे, ‘हा आपला नव्हे, तो शेजारचा आहे, यावर बट्टा पडेल.’ शेतकऱ्याला दोन्ही सारखेच दिसत. सराफ खरे सांगत आहे की नाही, हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. एकाचा डोळा हा दुसऱ्याच्या तोट्याचे कारण होई. बंगालमध्ये कंपनीने शाह आलमच्या १९व्या राज्यवर्षाचा आकडा रुपयावर वर्षानुवर्षे तसाच गोठवून ठेवला, तो याच कारणाने. जुन्या सनावर बट्टा कापण्याची वाट बंद व्हावी म्हणून. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखाला एकच रुपया मिळाला, त्यावर चौथ्या विल्यमचा चेहरा आणि वजन १८० ग्रेन. झाशीचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. सगळे रुपये खरोखरच सारखे झाले, की भेद सांगून पोट भरणाऱ्याची गरजच उरत नाही. या सारखेपणाने गरिबाची सुटका झाली, हे मान्य करायलाच हवे.

मग भेद ओळखणे चांगले की वाईट? इथे आपल्या वैशेषिकांची आठवण होते. एकाच जातीचे दोन परमाणू सर्व गुणांनी समान असतील, तर ते दोन आहेत हे कशावरून? त्यासाठी त्यांनी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थच मानला. पण त्यांनी एक मर्यादाही घातली. हा विशेष नित्य, निरवयव द्रव्यांतच मानायचा. घट, पट यांच्यासाठी त्याची गरज नाही. घडलेल्या वस्तूंचे भेद त्यांच्या अवयवांवरून, म्हणजे त्यांच्या घडणीवरूनच कळतात. मला या मर्यादेत मोठे शहाणपण दिसते. दोन रुपयांमधला भेद हे गूढ नव्हे. कुणीतरी ठसा कोरला आहे. त्याला फारसी कदाचित येतही नसेल, अक्षरे त्याने चित्रासारखी उतरवली असतील. त्याच्या छिन्नीचे वळण, त्याने मध्ये सोडलेले फूल किंवा टिंब हाच तो भेद. म्हणून भेद ओळखणे म्हणजे अखेर त्या हाताची दखल घेणे.

या दृष्टीने पाहिले तर नक्कल आणि खोटेपणा यांतली रेघ स्पष्ट होते. दतियाने ओरछ्याची गदा घेतली, झाशीने दिल्लीचा बादशहा घेतला. रुपयात चांदी पुरी असेल आणि पारखणाऱ्याला आपली टांकसाळ ओळखता येईल एवढी खूण ठेवली असेल, तर ते केवळ दुसऱ्याच्या पतीचा आधार घेणे होय. खोटे नाणे पाडणारा याच्या उलट करतो. आत तांबे आणि वर मुलामा. आणि आपली कोणतीही खूण राहू नये याची तो काळजी घेतो. साम्य दोघांतही आहे. एक जण आपल्या कृतीची जबाबदारी शोधता येईल अशा ठिकाणी ठेवून जातो, दुसरा ती पुसून टाकतो. अपराध साम्यात नाही, या पुसण्यात आहे. सराफाचाही अपराध भेद ओळखण्यात नव्हता. ओळखीची किल्ली स्वतःपाशी ठेवून न जाणणाऱ्याकडून तिचे भाडे घेण्यात होता.

आता हे रुपये चलनातून गेले आणि संग्राहकांच्या पेटीत आले. बट्टा संपला, पण मोह संपला नाही. झाशी या नावाभोवती १८५८ नंतर जे तेज उभे राहिले, त्याला तोड नाही. समोर एक झिजलेला रुपया आहे, गावाचे नाव कडेबाहेर गेले आहे, चिन्ह अर्धे उमटले आहे. तो दतियाचा असू शकेल, ओरछ्याचा असू शकेल. त्याला ‘राणीच्या झाशीचा’ म्हटले की घेणारा हरखतो, किंमत वाढते आणि वरवर पाहता कुणाचेच नुकसान होत नाही.

नुकसान होते, आणि ते दोघांचे होते. दतियाच्या ज्या अनाम ठसेकऱ्याने आयुष्यभर एका गदेची रेघ सांभाळली, त्याच्या हातचे उरलेले एवढे एक आपण दुसऱ्याच्या नावावर मांडतो. आणि ज्या झाशीचा गौरव व्हावा म्हणून हे करतो, तिच्या बाजूने आपण खोटी साक्ष उभी करतो. खऱ्या पक्षाला खोट्या साक्षीदाराइतका मोठा धोका दुसरा नाही. गोट्यांच्या संग्रहातला प्रामाणिक माणूस शिवण जुळली नाही तर कर्त्याची जागा कोरी ठेवतो. ती कोरी जागा हे अज्ञान खरे, पण ज्याचे श्रेय अजून ठरलेले नाही त्याच्यासाठी ती राखून ठेवलेली असते. बडा बाजारातल्या जुन्या पारख्याला सुलाखेने चांदीचा कस कळे. ज्या रुपयाचे गाव कळत नाही, त्यापुढे ‘टांकसाळ अनिश्चित’ एवढेच लिहून थांबणे, ही आजच्या पारख्याच्या कसाची सुलाख आहे.