अजिंक्याचे भय

सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेतल्या कॉमिक्समधून अवतरला. बंदुकीची गोळी त्याला भेदत नाही. तरीही पुढे कथाकारांना त्याच्यासाठी क्रिप्टोनाइट नावाचे मारक द्रव्य शोधावे लागले. ज्याला मरणच शिवत नाही, त्याच्या शौर्याचे मोल कसे करायचे?

आम्हां कोल्हापूरकरांचे अजिंक्य पुरुष तालमीच्या लाल मातीतून उठले. पाठ मातीला लागू द्यायची नाही, एवढेच त्यांचे व्रत. पण मैदानाबाहेरची कुस्ती कोणाला चुकली? खासबाग मैदान उभारणारे शाहू महाराज स्वतः मल्लविद्येत मुरलेले. १९२२ साली वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी गेले. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. १९२८ साली पतियाळाला झ्बिस्कोला मिनिटभरात चीत करणारा गामा १९६० साली लाहोरात आजारपणात संपला.

आम्हांला वाटते, दुबळ्यापेक्षा बलवानाचे भय अधिक खोल असावे. दुबळा माणूस तापात, उपासमारीत, कर्जात रोज थोडा थोडा हरतो. हरण्याशी त्याची ओळख असते. ज्याची पाठ कधी लागली नाही, त्याला पहिली हार शेवटचीच भेटते. या भयाला दोन वाटा फुटतात. एक मग्रुरीची: आपण मरणार नाही असे मानून दुसऱ्याचे मरण स्वस्त करायचे. दंगलीत तलवार उपसणारा याच वाटेने जातो. दुसरी वाट गामाची. फाळणीच्या वेळी १९४७ साली तो लाहोरात आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या दारात जमावासमोर उभा राहिला, असे सांगतात. त्या घटकेला भीती त्यालाही वाटली असेल. पण ती शेजाऱ्यांच्या जिवाची.

कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यांच्यापुढे माथा टेकतात. ताकद घडवणाऱ्या जागी करबलाच्या शहीदांची याद जागवली जाते, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. इ.स. ६८० मध्ये इमाम हुसेन यांचे साथीदार मोजके होते, शेवट समोर दिसत होता. तरी ते हटले नाहीत.

मरणाचे भय वाटणे म्हणजे भ्याडपणा नव्हे. ते भय केवळ स्वतःपुरते उरले, की माणूस लहान होतो. त्यात शेजाऱ्याचा जीव सामावला, की बळाला इमान येते. मातीत पाठ सर्वांचीच लागायची आहे. तोवर आपण कोणाच्या दारात उभे राहिलो, एवढाच हिशेब उरेल.