पडद्याखालची सहा वर्षं

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्व फ्रान्समधल्या आर्बुआ गावात द्राक्षांचा एक अजस्र घोस मिरवणुकीने चर्चमध्ये नेला जातो. खरं तर तो एक घोस नसतोच. गावातले बागायतदार आपापल्या मळ्यातले काळे-पांढरे घोस आणतात आणि ते एकत्र बांधून हा ‘ब्यू’ तयार होतो. चौघे जण दांडीला लटकवून तो खांद्यावर घेतात, सेंट ज्यूस्तच्या चर्चमध्ये धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात आणि मग तो तिथेच टांगून ठेवतात. पहिलं पीक देवाला, ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अडचण त्यापुढची आहे. द्राक्षं देवाची मानली, तर त्यांची वाइन कोणाची? कॅथलिक मासमधली अर्पणाची प्रार्थना वाइनचं श्रेय वेलीलाही देते आणि माणसाच्या हातांनाही. कोणाला किती, ते मात्र सांगत नाही.

आर्बुआ ज्या जुरा प्रांतात आहे, तिथल्या छोट्या घरगुती उत्पादकांपुढे हा प्रश्न जरा अवघड होऊन येतो, कारण त्यांची सगळ्यांत नावाजलेली वाइन हात न लावल्यामुळे होते.

तिचं नाव व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन. साव्हान्यां जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबवून ओकच्या पिंपात भरतात. लाकडातून वाइन हळूहळू उडत राहते. एरवी कुठलाही वाइन करणारा ही तूट वरचेवर भरून काढतो, कारण पिंपात हवा शिरली की वाइन बिघडते. इथे पिंप भरत नाहीत. वर मोकळी जागा होते, वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पडदा धरतो आणि त्या पडद्याखाली वाइन मुरत राहते, सहा वर्षं तीन महिने. नियमच तसा आहे. तोवर एका लिटरमागे साधारण ६२ सेंटिलिटर उरते, म्हणून तिची बुटकी, रुंद खांद्यांची बाटलीही ६२ सेंटिलिटरचीच. उडून गेलेल्या भागाला फ्रेंच लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. एक तृतीयांशाहून जास्त माल देवदूतांना देणारा शेतकरी भाविक म्हणायचा की बेफिकीर?

हल्ली वाइनच्या जगात सगळं श्रेय मातीला द्यायची टूम आहे. उत्पादक नम्रपणे बाजूला होतो आणि जमीन बोलते आहे, असं सांगतो. ऐकायला छान वाटतं, पण ही नम्रता बरेचदा जाहिरातीच्या कामाची असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि दैव. व्हँ जोनला ही मोजपट्टी लावली तर जुराची चुनखडी-चिकणमाती हे अधिष्ठान झालं, पिंप हे करण झालं आणि कुठलं पिंप साधेल, कुठलं आंबट होईल, हे दैव. कर्ता कोण, यावर मात्र आर्बुआतच एक मोठा वाद निकाली निघाला.

लुई पाश्चरचं बालपण या गावात गेलं. पुढे १८७४ साली त्याने गावाजवळ एक द्राक्षमळा विकत घेतला. १८७८ साली, वाइन आंबवणारं यीस्ट द्राक्षाच्या आत आपोआप निर्माण होतं की बाहेरून येतं, हे दाखवण्यासाठी त्याने वेलींवर काचघरं उभारली आणि काही घोस कापसात गुंडाळले. झाकलेल्या द्राक्षांचा रस आंबला नाही. म्हणजे काम करणारे जीव वेगळेच होते, डोळ्यांना न दिसणारे. यातून देव पुसला गेला असं पाश्चर मानत नव्हता. माणसाचा आपण कर्ते असल्याचा दावा मात्र आणखी पातळ झाला.

जेवणाच्या ताटातही श्रेयाची अशीच वाटणी दिसते. व्हँ जोनबरोबर पहिला मान कोंते चीजचा, तेही दीड-दोन वर्षं मुरलेलं, सोबत अक्रोड. हे चीज गावोगावच्या सहकारी डेअऱ्यांमध्ये अनेक गोठ्यांचं दूध एकत्र करून होतं आणि तळघरात जिवाणूंच्याच भरवशावर पिकतं. सणासुदीला कोंबडी, साय आणि गुच्छी म्हणजे मोरिल अळंबी घालून याच वाइनमध्ये रस्सा करतात. वाइनला अक्रोडाचा आणि मसाल्याचा जो वास येतो, त्यात सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. आपल्या मेथीदाण्याच्या वासामागेही तेच द्रव्य आहे. करीबरोबर ही वाइन जमते, असं फ्रेंच जाणकार सांगतात ते उगाच नाही. फ्रिजमधून काढून थंडगार मात्र कोणी पीत नाही. बाटली काही तास आधी उघडून ठेवायची.

सगळं काम सूक्ष्मजीवांचं, मग माणूस करतो काय? नकार देतो. मुरणाऱ्या पिंपांचे नमुने अधूनमधून प्रयोगशाळेत जातात आणि आंबटपणा वाढू लागला की ते पिंप व्हँ जोनच्या रांगेतून बाद होतं. प्युपिलँ गावचे पिएर ओव्हर्नुआ गंधक न घालता वाइन करण्यासाठी ओळखले जातात. त्यांनी मळा सोपवला तो रक्ताचं नातं नसलेल्या, कोवळ्या वयात शिकायला आलेल्या एमान्युएल उइयों यांच्याकडे. एका पिढीने भरलेलं पिंप दुसरीने फोडायचं, असंही या धंद्यात होतं. तेव्हा शिष्याला कृती शिकवण्यापेक्षा काय नाकारायचं हे शिकवणं जास्त मोलाचं ठरत असणार.

हा नकार सगळ्यांत कडक आहे तो डोंगरकड्यावरच्या शातो-शालोंमध्ये. एके काळी इथे बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ होता. या नावाने फक्त व्हँ जोनच विकता येते आणि तिचे मळे सगळे मिळून जेमतेम पन्नास हेक्टर. तोडणीआधी पाहणी होते आणि द्राक्षं मनासारखी नसतील तर त्या वर्षी गावाचं नाव कोणत्याच बाटलीवर लागत नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ ही वर्षं अशीच रिकामी गेली. द्राक्षं फेकून देत नाहीत, त्यांची वाइन साध्या नावाने कमी भावात जाते. पण या नकाराची खरी किंमत त्याच वर्षी पुरती वसूल होत नाही. बाटल्या बाजारात यायला सातवं वर्ष उजाडावं लागतं, त्यामुळे २००१ साली सोडलेल्या नावाची तूट चार-पाच हेक्टरवर जगणाऱ्या घराने भोगली ती २००८ साली.