दुसऱ्याचा सूट

जॉर्ज लॅझेन्बी हा ऑस्ट्रेलियाचा. आधी गाड्या विकायचा, मग लंडनला येऊन मॉडेलिंग करू लागला. अभिनय म्हणाल तर जाहिरातींतला, त्यातही चॉकलेटच्या एका जाहिरातीमुळे चेहरा ओळखीचा झालेला. शॉन कॉनरीने जेम्स बाँडची भूमिका सोडल्याचं कळल्यावर या गड्याने कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले. मग कॉनरीच्या शिंप्याकडे गेला. कॉनरीने शिवायला टाकून नेलाच नाही असा एक सूट तिथे पडून होता, तो पदरात पाडून घेतला. मनगटावर रोलेक्स चढवलं आणि ऑडिशनला हजर झाला. कुठे कुठे काम केलंय, याच्या बिनदिक्कत थापा मारल्या. पुढे मारामारीच्या चाचणीत एका स्टंटमनचं नाक फोडलं आणि भूमिका खिशात घातली. हेराची भूमिका हेरगिरी करूनच मिळवली म्हणायची.

१९६९ साली आलेला ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ हा त्याचा पहिला बाँडपट, आणि शेवटचाही.

नट बदलला म्हणून आपल्याकडे सहसा आकाश कोसळत नाही. नाटकवाले त्याला सरळ रिप्लेसमेंट म्हणतात. ‘नटसम्राट’ डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी केलं, सतीश दुभाषींनी केलं. लोकांनी तुलना केली, वाद घातले आणि तिकिटंही काढली. पण तिथे संहिता आधी आणि नट नंतर. बेलवलकर शिरवाडकरांचा, हे प्रेक्षक धरूनच चालतो. बाँडचं नेमकं उलटं झालं होतं. इयन फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी १९५३ची, तरी १९६२ ते १९६७ या काळातल्या पाच चित्रपटांनी फ्लेमिंगला बाजूला सारून बाँड कॉनरीच्या नावावर करून टाकला होता. त्यामुळे नव्या माणसाला भूमिका वठवणं पुरेसं नव्हतं. ‘मी तोच’ हे शाबीत करावं लागणार होतं.

दिग्दर्शक पीटर हंट हा आधीच्या बाँडपटांचा संकलक. काय दाखवायचं आणि काय किती वेळ दडवायचं, हे त्याच्या बोटांत होतं. सुरुवातीला बाँड गाडी चालवतोय, पण दिसतो तुकड्यातुकड्यांनी: हॅट, स्टिअरिंगवरचे हात, सिगारेट पेटवताना हनुवटी. पोर्तुगालच्या समुद्रकिनाऱ्यावर तो बुडायला निघालेल्या एका बाईला उचलून आणतो आणि तेव्हा कुठे पूर्ण चेहरा समोर येतो. लगेच तो आपलं नाव सांगतो. मारामारी होते, बाई गाडी घेऊन पसार होते आणि हा प्रेक्षकांकडे जवळजवळ बघतच पुटपुटतो, की त्या दुसऱ्या गड्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. इथवर ठीक आहे. थट्टा करून मोकळं होणं हा शहाणा मार्ग होता.

पण निर्मात्यांना धीर धरवला नाही. श्रेयनामावलीत जुन्या चित्रपटांतले तुकडे येतात, अर्थात कॉनरीला वगळून. पुढे बाँड राजीनामा द्यायला निघतो आणि टेबलाचे खण रिकामे करू लागतो. ‘डॉ. नो’मधल्या हनीचा सुरा निघतो, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधलं गळा आवळायची तार दडवलेलं घड्याळ निघतं, ‘थंडरबॉल’मधलं पाण्याखाली श्वास घ्यायचं नळकांडं निघतं. प्रत्येक वस्तूबरोबर त्या त्या चित्रपटाची धून वाजते. वारसाहक्काच्या दाव्यात एकेक दस्तऐवज पुढे सरकवावा तसा हा प्रकार. त्याच्याही आधी एक सफाई कामगार ‘गोल्डफिंगर’ची शीळ घालून गेलेला असतो.

एवढे पुरावे दिल्यावर संशय वाढतोच. त्यात बाँड वंशावळीचा अभ्यासक सर हिलरी ब्रेचं सोंग घेऊन खलनायक ब्लोफेल्डच्या आल्प्समधल्या अड्ड्यावर जातो, तेव्हा लॅझेन्बीच्या तोंडून ऐकू येतो तो सर हिलरीचं काम करणाऱ्या जॉर्ज बेकरचा आवाज. सूट दुसऱ्याचा, आठवणी दुसऱ्याच्या, आणि आता आवाजही दुसऱ्याचा! गंमत म्हणजे आदल्याच चित्रपटात ज्याच्याशी समोरासमोर गाठ पडली, तो ब्लोफेल्ड याला ओळखत नाही. (कादंबऱ्यांचा क्रम चित्रपटांत उलटा झाल्याचा हा परिणाम. शिवाय ब्लोफेल्डचा नटही बदलला होता.) हाच माणूस तो आहे हे प्रेक्षकांना पटवायचा जिवापाड खटाटोप करणाऱ्या चित्रपटात खलनायकालाच ते पटू नये!

तरीही हा चित्रपट मला बाँडपटांत फार वरचा वाटतो. कारण उत्तरार्धात तो पुरावे द्यायचं सोडून देतो आणि बाँडला लग्न करायला लावतो. समुद्रकिनाऱ्यावरची ती बाई, म्हणजे डायना रिगची ट्रेसी, नायकाच्या तोडीस तोड आहे. बर्फात, स्केटिंगच्या गर्दीत, बाँड दमून, घाबरून, गळपटून बसलेला असताना तीच त्याला शोधून काढते. घाबरलेला कॉनरी आपण कधी पाहिला होता? त्याला काही होणार नाही या खात्रीवर तर त्याची सगळी ऐट उभी होती. लॅझेन्बीपाशी ती ऐट नव्हती. तो अवघडलेला दिसतो, संवाद कुठे कुठे सपाट जातात; पण त्या कच्चेपणामुळेच या माणसाचं काहीतरी हिरावलं जाऊ शकतं, असं वाटतं. लग्नानंतर काही वेळातच रस्त्यावर ट्रेसीला गोळी लागते. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो जवळ आलेल्या पोलिसाला सांगतो, की ती जरा विसावलीय. रडत दिलेला शॉट हंटने बाँड रडत नाही म्हणून पुन्हा करायला लावला, असं लॅझेन्बीने पुढे सांगितलं आहे. पडद्यावर आहे तो दुसरा, कोरड्या डोळ्यांचा. हंटचं बरोबर होतं.

लॅझेन्बीने सात चित्रपटांचा करार नाकारला. हिप्पींच्या जमान्यात सूटबूटवाला हेर टिकायचा नाही, असा त्याच्या एजंटचा होरा. प्रीमियरला हा पठ्ठ्या दाढी आणि लांब केस वाढवून गेला! निर्मात्यांनी १९७१ साली साडेबारा लाख डॉलर मोजून कॉनरीला परत आणलं, आणि त्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये ट्रेसीचं नावसुद्धा निघत नाही. लॅझेन्बी घडलाच नव्हता असं मानून मालिका पुढे निघाली होती.

ते तिला जमलं नाही. १९७३ साली रॉजर मूर आला, त्या पहिल्या चित्रपटात तुलना टाळण्यासाठी त्याने मार्टिनी मागवलीच नाही, स्वभावाने तो हसरा, हलका. पण १९८१च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची सुरुवात होते ती ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवणाऱ्या मूरपासून. १९८९ साली टिमथी डाल्टनच्या बाँडसमोर लग्नाचा विषय निघाला, की मित्र सांगतो, याचंही लग्न झालं होतं, फार पूर्वी. म्हणजे कॉनरीच्या खणातल्या वस्तू काढून दाखवत जो आत शिरला, त्याची बायको पुढच्या बाँडांना सांभाळावी लागली. या माणसाला भूतकाळ मिळाला तो एकदाच येऊन गेलेल्या नटाकडून.

२००६च्या ‘कसिनो रोयाल’ने हा धडा नीट गिरवला असं मला वाटतं. २००५ साली डॅनिअल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरून काय काय बोललं गेलं! दिग्दर्शक मार्टिन कॅम्बेलने त्याला एकही पुरावा द्यायला लावला नाही. मार्टिनी कशी हवी असं बारमनने विचारलं, तर हा खेकसतो. बाँडची धून चित्रपटभर पूर्णपणे वाजतच नाही. प्रेयसी व्हेस्पर त्याला फसवते आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुडून मरते. त्यानंतर, अगदी शेवटच्या क्षणी, तो आपलं नाव सांगतो आणि धून सुरू होते. लॅझेन्बीने जे नाव पहिल्या काही मिनिटांत उच्चारलं होतं, ते क्रेगला दोन तास थांबून कमवावं लागलं.

क्रेगच्याच २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये बाँड मरतो आणि अखेरीस लुई आर्मस्ट्राँगचं गाणं लागतं, १९६९च्या चित्रपटात बाँड आणि ट्रेसीच्या प्रेमावर वाजलेलं. २०२५मध्ये मालिकेची सर्जनशील सूत्रं अॅमेझॉन एमजीएमकडे गेली आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. आता येणाऱ्या नटासमोरचा पेच लॅझेन्बीसमोर नव्हता. ज्याला प्रेक्षकांनी मरताना पाहिलंय, तो ‘मी तोच’ म्हणू शकत नाही. आणि ‘मी वेगळा’ म्हणावं, तर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं कोणी ठेवायची?